चोंदलेला आवाज

त्या बसस्थानकात त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. चालक, वाहक, चहावाला, झाडणारी बाई, सगळ्यांसाठी ते कर्णेबुवा. छताला टांगलेल्या कर्ण्यांमधून दिवसभर ज्यांचा आवाज येतो ते कर्णेबुवा. पगारपत्रकावर तेवढं खरं नाव असायचं, आणि ते वाचताना कारकूनसुद्धा क्षणभर अडखळायचा.

नोकरीला लागले तेव्हा बुवा आरक्षणाच्या खिडकीत बसत. एकदा घोषणा करणारा माणूस आजारी पडला आणि कुणीतरी बुवांना माईकसमोर नेऊन बसवलं. त्या दिवशी स्थानकातली माणसं माना वर करून कर्ण्यांकडे बघायला लागली. आवाज असा की विहिरीतून घुमून वर यावा, आणि तरी एकेक अक्षर सुटं, स्वच्छ. 'सहा चाळीसची जलद गाडी फलाट क्रमांक नऊवर येत आहे,' एवढंच ते म्हणत. पण ऐकणाऱ्याला वाटायचं, गाडी आपल्यासाठीच येतेय. तो आजारी माणूस बरा होऊन परत आला, तो आरक्षणाच्या खिडकीत. माईक बुवांकडेच राहिला.

बायकोशी ओळख झाली तीही त्या आवाजामुळेच. ती तेव्हा परिचारिकेचं शिक्षण घेत होती आणि रोज त्या स्थानकातून गाडी पकडायची. लग्नानंतर मैत्रिणींना सांगायची, "मी आवाजाशी लग्न केलं गं, माणूस त्याच्याबरोबर फुकट आला." बुवा हे ऐकून फुलून जायचे. त्यांना आपल्या आवाजाचा गर्व होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

घोषणेची खोली जिन्याखाली होती. खोली कसली, कपाटच ते. एक टेबल, एक खुर्ची, माईक आणि वेळापत्रकाचा फळा. खिडकी नाही. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून भिंतींना कधीकाळी स्पंज चिकटवलेला. मागच्या भिंतीला लागून प्रवाशांची स्वच्छतागृहं. तिथला कुठला तरी नळ आतल्या आत पाझरायचा आणि ते पाणी स्पंज पिऊन घ्यायचा. कोपऱ्यात काळे ठिपके आले, मग ठिपक्यांचे डाग झाले, डागांचा पट्टा झाला. बुवांनी दोनदा तक्रारीचा अर्ज दिला. पहिला हरवला. दुसऱ्यावर 'पाहणी केली' असा शेरा येऊन तो परत आला. पाहणी करायला कुणी आल्याचं बुवांना आठवत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी नाकानं पहिला दगा दिला. साधी सर्दी म्हणून सुरू झालेलं दुखणं मुक्कामालाच आलं. सकाळी उठलं की कपाळ जड, भुवयांच्या मधोमध कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं. गालांची हाडं ठणकायची, वरचे दात दुखायचे. खाली पडलेलं पेन उचलायला वाकलं तर डोक्यातलं सगळं ओझं घरंगळत डोळ्यांमागे यायचं. पण हे सगळं बुवांनी सोसलं असतं. घात झाला तो अक्षरांचा. नाक बंद झालं की म आणि न तोंडातून निघेचनात. म चा ब व्हायचा, न चा द. एका सकाळी अख्ख्या स्थानकानं ऐकलं, "फलाट क्रबांक दऊ."

फलाटावर हशा पिकला. चहावाला दुपारी कप ठेवता ठेवता म्हणाला, "बुवा, दऊ बिस्किटं देऊ का?"

बुवा हसले नाहीत. घरी येऊन जेवलेही नाहीत.

बायको एव्हाना गावातल्या एका दवाखान्यात परिचारिका होती. तिनं फार चर्चा केली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बुवांना उठवलं, टेबलावर रुंद तोंडाच्या पातेल्यात वाफाळतं पाणी ठेवलं आणि डोक्यावर पंचा टाकला. "वीतभर लांब राहा. तोंड भाजून घ्यायचं नाहीये, नाक सुटायला हवंय. हळूहळू श्वास घ्या." दहा मिनिटांनी पंचा काढला. मग उकळून गार केलेल्या कोमट पाण्यात मीठ विरघळवून तिनं ते मऊ प्लास्टिकच्या बाटलीत भरलं. "मोरीवर वाका. मान तिरकी. तोंड उघडं ठेवा, तोंडानंच श्वास घ्या. या नाकपुडीतून जाईल, त्या नाकपुडीतून येईल."

"बुडून मरेन मी," बुवा म्हणाले.

"आजवर कुणी मेलेलं नाही. वाका."

पाणी गेलं आणि आलंही, आणि त्याबरोबर काय काय आलं ते सांगण्यासारखं नाही. मग गालांवर आणि कपाळावर गरम पाण्यात पिळलेला रुमाल. नाक शिंकरायचं ते एकेक बाजू धरून, हलक्या हातानं, "फर्रकन शिंकरलंत तर सगळं कानात चढेल." उशाला दोन उशा, म्हणजे झोपेत डोकं वर राहील. दिवसभर पाणी. आठच्या सुमाराला बुवांनी आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं, "क्रमांक नऊ." म आला. न आला.

त्या दिवसापासून वर्षानुवर्षं हा नेम चालला. बायको सकाळपाळीला जाण्याआधी पाणी तापवायची, मीठ मोजून घालायची, रुमाल पिळून द्यायची. लेक शाळेत होती तेव्हा ती मोरीच्या दारात उभी राहून बापाच्या नाकातून पाणी निघताना बघायची आणि टाळ्या वाजवायची. नाक दुपारपर्यंत टिकायचं. दुपारनंतर त्या जिन्याखालच्या कपाटात ते पुन्हा मिटत यायचं. बायको म्हणायची, "तुमच्या त्या खोलीतच काहीतरी आहे. सुट्टीत चार दिवस बाहेर गेलो की तुमचं नाक कसं गुण्यागोविंदानं वागतं, बघितलंत का?" बुवांना ते पटायचं नाही. खोलीला दोष देणं म्हणजे माईकला दोष दिल्यासारखं वाटायचं.

मग ते थेंब आले. स्थानकासमोरच्या औषधाच्या दुकानदारानं बुवांची कीव येऊन एक छोटी बाटली हातात ठेवली. "दोन थेंब इकडं, दोन तिकडं. पाच मिनिटांत वारा वाहील." आणि खरंच वाहिला. अकरा वर्षांत बुवांनी एवढा मोठा श्वास घेतला नव्हता. त्या दुपारी त्यांच्या घोषणा ऐकून एक म्हातारे गृहस्थ मुद्दाम खोलीपाशी येऊन पाठ थोपटून गेले. एवढं सोपं असताना पहाटे पाचला पातेल्यात तोंड घालून कशाला बसायचं?

बायकोनं बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली. "हे तीन दिवसांचं औषध आहे. फार तर पाच. त्यापुढं घेतलंत तर नाक याच्याशिवाय उघडायचंच नाही."

"तुझा दवाखाना तुझ्यापाशी ठेव," बुवा म्हणाले.

सात महिने त्यांनी ते थेंब घातले. आधी दिवसातून दोनदा, मग चारदा, मग तासा-दोन तासांनी. टेबलाच्या खणात एक बाटली, सदऱ्याच्या खिशात एक, अंथरुणाशी एक. थेंबांचा असर उतरला की नाक पहिल्यापेक्षा घट्ट बंद व्हायचं, आणि मग पुन्हा थेंब. आगीत तेल ओतून आग विझवायची, तसला प्रकार. पहाटेचं पातेलं बंद झालं. बायको बोलायची थांबली.

अशात एक दिवस आगारप्रमुखांनी बोलावून घेतलं. पोट सुटलेला, गोडबोल्या माणूस. खुर्ची पुढे केली, चहा मागवला, तिथंच बुवांनी ओळखायला हवं होतं.

"बुवा, आता संगणकावरून घोषणा होणार. आवाज मात्र तुमचाच. एकदा ध्वनिमुद्रण केलं की झालं. तुम्ही घरी झोपलेले असाल आणि इथं तुमचा आवाज गाड्या सोडत असेल. अमर झालात की हो!"

बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. आवाज कायमचा राहणार म्हणजे माणसाची गरज संपणार, एवढा साधा अर्थ त्यांना त्या वेळी दिसला नाही. पंधरा दिवसांनी मुद्रण ठरलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "आजपासून थेंब बंद. एकदम. पहिले सात-आठ दिवस नरक आहे, मग नाक आपोआप उघडायला लागेल. तोवर वाफ आणि मिठाचं पाणी. पंधरा दिवस पुरेसे आहेत. जमेल तुम्हाला?"

या वेळी बुवांनी ऐकलं. तिनं घरातल्या सगळ्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. मग सुरू झाले ते हाल. नाक म्हणजे नुसता दगड. तोंडानं श्वास घेऊन घशाला कोरड, डोक्यात ठणका, जेवणाला चव नाही. बायकोनं रजा टाकली. सकाळ, दुपार, संध्याकाळ पातेलं चढायचं. पाठीला तीन उशा लावून ती त्यांना बसल्या बसल्या झोपवायची. सहाव्या दिवशी डावी नाकपुडी जरा सुटली. आठव्या दिवशी उजवीतून बारीक शीळ घालत वारा यायला लागला. बुवांनी लहान मुलासारखं तिला बोलावून दाखवलं. "ऐक, ऐक. येतोय ना?"

"येतोय," ती म्हणाली. "अजून पाच-सहा दिवस. घाई करू नका."

नवव्या दिवशी निरोप आला. संगणकवाल्याला पुढल्या आठवड्यात दुसरीकडे जायचंय, मुद्रण उद्याच.

बुवा धावत आगारप्रमुखांकडे गेले. "साहेब, चार दिवस द्या. नाक उघडत आलंय. चारच दिवस."

"अहो बुवा, आवाज घशातून येतो, नाकातून नाही. घसा ठीक आहे ना? मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं वाफ दिली, नाक धुऊन दिलं. अर्धं नाक मोकळं होतं. म येत होता, न जरा दबका. "एवढं पुरे आहे," ती म्हणाली. "जाताना गरम पाणी पीत जा. आणि ऐका, त्या दुकानाकडे वळूनसुद्धा बघू नका. दहा दिवसांची मेहनत आहे."

बुवा दुकानाकडे वळले. पूर्ण मोकळं नाक काय असतं ते त्यांना आठवत होतं, आणि अर्ध्या नाकानं अमर व्हायची त्यांची तयारी नव्हती. स्वच्छतागृहात जाऊन त्यांनी थेंब घातले. पाच मिनिटांत वारा वाहिला. खणखणीत आवाजात त्यांनी आरशाला नऊ वेळा नऊ म्हणून दाखवलं.

संगणकवाला नऊला येणार होता. तो आला साडेबाराला. तोवर थेंब उतरले होते आणि नाक दार आपटावं तसं बंद झालं होतं. बुवांनी पुन्हा घातले, दोनाचे चार केले, काही उपयोग झाला नाही. समोर यंत्र लावून तो माणूस म्हणाला, "एकेक शब्द सुटा म्हणा. जोडायचं काम संगणक करतो. चला. फलाट."

"फलाट."

"क्रमांक."

"क्रबांक."

त्यानं मान वर केली. "सर्दी आहे का?"

"दाही. बी पुद्हा ब्हणतो."

पाच वेळा म्हटलं. पाचही वेळा तेच. घाम फुटला, गाल ठणकायला लागले, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. संगणकवाल्यानं घड्याळ बघितलं. "राहू दे काका. लोकांना कळल्याशी मतलब." असे दोनशे चौदा शब्द त्यानं भरून घेतले. त्यातल्या एकशे तीसांत म किंवा न होता. हा आकडा बुवांनी पुढे स्वतः काढला. दुसरं काम नव्हतं.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "कसं झालं?"

आणि बुवांच्या तोंडून निघालं ते असं, "तुझ्याबुळे वाटोळं झालं. थेंब चालू असते तर बोकळं दाक घेऊद गेलो असतो. तुझा दवाखादा दडला बाझ्या आयुष्याला."

ती उभीच राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते बुवांनी पाहिलं नाही, कारण त्यांनी पाठ फिरवली होती. एकदा तोंडातून गेलेलं ते वाक्य मग घरात राहायलाच आलं. लेकीच्या लग्नात, पाहुण्यांसमोर, भाजीत मीठ कमी पडलं तरी, बुवा फिरून फिरून तिथंच यायचे. हिच्यामुळे माझा आवाज गेला.

महिन्याभरात घोषणेची खोली बंद झाली. बुवांना वरच्या मजल्यावर हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. छत्र्या, डबे, एकेकट्या चपला, कुणाची तरी दातांची कवळी. दोन मोठ्या खिडक्या, भरपूर ऊन. आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर कर्णा. सकाळी सहापासून तो सुरू व्हायचा. 'फलाट क्रबांक दऊ.' दिवसातून दोनशेदा. शाळेची पोरं जिन्यावरून उतरताना एका सुरात नक्कल करायची. छत्री न्यायला आलेल्या एका बाई बुवांनाच म्हणाल्या, "या माणसाला एखादा रुमाल तरी द्या हो कुणीतरी." बुवांनी नोंदवही पुढे केली. "सही करा."

वरच्या खोलीत आल्यापासून तिसऱ्या महिन्यात बुवांच्या लक्षात आलं की सकाळी कपाळ जड नसतं. थेंब त्यांनी रागानंच टाकून दिले होते. वाफ नाही, मीठ-पाणी नाही, काही नाही, आणि तरी नाक सताड उघडं. बायकोला विचारायला तोंड नव्हतं, म्हणून ते गुपचूप एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं आणि विचारलं, "आधी कुठं बसत होता?" बुवांनी जिन्याखालची खोली सांगितली. ओल, स्पंज, काळा पट्टा.

"मग बरोबर आहे. ती बुरशी रोज आठ तास नाकात जात होती तुमच्या. घरी काहीही केलंत तरी तेवढ्यापुरताच आराम. खोली बदलली, नाक सुटलं. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"सांगितलं होतं," बुवा म्हणाले. कुणी, ते नाही सांगितलं.

मूळचा आवाज परत आला होता, आणि त्याला जायला कुठं जागा नव्हती. सहा वर्षं बुवा अर्ज करत राहिले. पुन्हा मुद्रण करा, दोन तासांचं काम आहे. एकही उत्तर आलं नाही. मग जुने आगारप्रमुख गेले आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. बुवा स्वच्छ दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून त्यांना भेटायला गेले.

बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं. मग आश्चर्यानं म्हणाल्या, "म्हणजे तो आवाज तुमचा?"

"माझा. पण तो माझा नाही. हा माझा." आणि बुवा त्यांच्या टेबलासमोर उभे राहिले, हात मागे बांधले, आणि म्हणाले, "सहा चाळीसची जलद गाडी फलाट क्रमांक नऊवर येत आहे." दारात उभा असलेला शिपाई थबकला. बाहेरच्या खोलीतलं टंकलेखन थांबलं.

"सुंदर," बाई म्हणाल्या. "खरंच सुंदर. पण काका, पुढल्या महिन्यात सगळीकडे यंत्राचाच आवाज बसवतायत. वरून आदेश आलाय. आता कुणाच्याच आवाजाची गरज नाही." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या उठून उभ्या राहिल्या. "तुम्ही चार-पाच वर्षं आधी यायला हवं होतं."

बुवांनी खिशातून अर्जांच्या पोचपावत्या काढल्या होत्या. त्या तशाच परत ठेवल्या.

दुपारी ते घरी आले. बायको संध्याकाळपाळीला निघायच्या तयारीत होती, पदराला पिन लावत होती. केस पांढरे झाले होते तिचे. बुवा जेवायला बसले, तिनं वाढलं. दोन घास झाल्यावर ते खाली मान घालून म्हणाले, "त्या दिवशी सकाळी मी थेंब घातले होते. मुद्रणाच्या दिवशी. तू नको म्हणाली होतीस तरी."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे?"

"सदरा धुवायला घेतला तेव्हा खिशात बाटली होती. अर्धी संपलेली."

बुवांच्या हातातला घास हातातच राहिला. "मग सहा वर्षं बोलली का नाहीस? मी जगाला सांगत होतो, हिच्यामुळे, हिच्यामुळे..."

"आधी वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. वर्षभर वाट पाहिली. मग म्हटलं, या माणसाला राग धरायला कुणीतरी हवंय, साहेबावर धरायची हिंमत नाही, स्वतःवर धरवत नाही. उरले मी." पिन नीट बसत नव्हती, तिनं ती काढून पुन्हा लावली. "एकदा मात्र खूप लागलं. लेकीच्या सासरच्यांपुढं बोललात तेव्हा. त्या दिवसानंतर मला तुमचं काही वाटेनासं झालं."

"चुकलं माझं," बुवा म्हणाले. आवाज घुमला, खर्जातला, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं.

तिनं पर्स खांद्याला लावली, चपला पायात सरकवल्या. "भाजी उरली तर झाकून ठेवा," ती म्हणाली, आणि दार ओढून घेऊन कामाला गेली.